गुणतक्त्यातला तिसरा

एफआयए फॉर्म्युला थ्री स्पर्धेचा २०१९चा गुणतक्ता काढून पाहा. पहिला रशियाचा रॉबर्ट श्वार्ट्झमन, २१२ गुण. दुसरा न्यूझीलंडचा मार्कस आर्मस्ट्राँग, १५८. तिसरा मुंबईचा जेहान दारूवाला, १५७. तिघेही प्रेमा या इटालियन संघाचे. आता जरा खाली या. नवव्या क्रमांकावर जपानचा युकी त्सुनोडा दिसेल आणि अकराव्यावर न्यूझीलंडचा लियम लॉसन. पुढच्या काही वर्षांत हे नववा आणि अकरावा फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरले. पहिल्या तिघांपैकी एकालाही तिथे शर्यतीची गाडी मिळाली नाही.

हा तक्ता पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात काहीतरी काळंबेरं आहे असं वाटतं. तसं काही नाही. क्रिकेटमध्ये रणजीत धावांचा डोंगर उभा केला की निवड समितीला दखल घ्यावीच लागते, निदान आपली तशी अपेक्षा असते. मोटारशर्यतीत गुणतक्ता हा निवडीचा एक भाग झाला. गाडी कोणत्या संघाची होती, वय काय होतं, पाठीशी कोण होतं, हेही त्याच वेळी तोललं जातं. हे सगळं कसं चालतं ते समजून घ्यायला जेहानची कारकीर्द फार उपयोगी आहे. एक तर तो आपल्याकडचा. शिवाय कार्टिंगपासून फॉर्म्युला टूपर्यंतची जवळजवळ प्रत्येक पायरी तो चढला आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या शेजारी असा कोणीतरी होता ज्याला आज सारं जग ओळखतं.

जेहानचा जन्म १ ऑक्टोबर १९९८चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. वडील खुर्शेद दारूवाला हे उद्योजक, 'स्टर्लिंग अँड विल्सन'मुळे उद्योगजगताला परिचित. गुरू भेटले ते रायोमंड बनाजी, स्वतः कार्टिंगचे राष्ट्रीय विजेते राहिलेले. २०११मध्ये फॉर्म्युला वनच्या फोर्स इंडिया संघाने 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाची देशव्यापी निवडस्पर्धा घेतली. त्यातून तीन मुलं निवडली गेली: तरुण रेड्डी, अर्जुन मैनी आणि जेहान. जेहान तेव्हा तेरा वर्षांचा होत होता.

तेरा हे वय आपल्याला कोवळं वाटतं. या खेळात ते उशिराचं आहे. मॅक्स व्हर्स्टॅपन चौथ्या-पाचव्या वर्षी कार्टमध्ये बसला, लुईस हॅमिल्टन आठव्या वर्षी. युरोपातली मुलं तेराव्या वर्षापर्यंत शेकडो शर्यती धावलेली असतात. पावसात, धुळीत, नव्या टायरवर आणि झिजलेल्या टायरवर. ही तूट नंतर पैशाने भरून निघत नाही, सरावाने थोडीफार भरते.

कार्ट म्हणजे मॉलच्या गच्चीवर भाड्याने मिळणारी गाडी नव्हे, हे आधी डोक्यातून काढायला हवं. स्पर्धेच्या कार्टला स्प्रिंग नाही, शॉकॲब्झॉर्बर नाही, कनिष्ठ गटात गिअरही नाही. जेहान ज्या केएफ गटात धावला तिथे १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असे आणि ते मिनिटाला चौदा हजार फेऱ्यांपर्यंत किंचाळत जाई. मागची दोन्ही चाकं एकाच पोकळ पोलादी दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. मधे डिफरन्शियल नसतं. गंमत इथेच आहे. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्यामुळे ती एकाच वेगाने फिरणार. म्हणजे कार्ट वळायला तयारच नसते, ती सरळ जायला बघते. उपाय एकच: वळणात शिरताना मागचं आतलं चाक जमिनीपासून किंचित उचललं गेलं पाहिजे. स्टिअरिंग वळवताच पुढच्या चाकांच्या तिरप्या रचनेमुळे सांगाड्याचा एक कोपरा खाली दबतो, नळ्यांचा सांगाडा पिळला जातो आणि समोरच्या कोपऱ्यावरचं मागचं चाक हवेत येतं. ते फार वर गेलं तर कार्ट नाचते, फार लवकर खाली आलं तर वेग मरतो.

आता बारा-तेरा वर्षांचं पोर ट्रॅकवरून परत येतं, हेल्मेट काढतं आणि मेकॅनिक विचारतो, "काय झालं?" पोराला सांगता आलं पाहिजे: तिसऱ्या वळणात शिरताना पुढचं धरत नाही, पण बाहेर पडताना मागचं सुटतं. एवढ्यावरून मेकॅनिक ठरवतो की मागचा दांडा कडक घालायचा की मऊ, पुढची चाकं थोडी बाहेर काढायची का, टायरमधली हवा किती कमी करायची. दिवसभरात ट्रॅकवर टायरचं रबर साचत जातं, पकड वाढते आणि सकाळी बिनचूक वाटणारी कार्ट दुपारी उड्या मारू लागते. मग सगळं परत बदलायचं. बसायची सीटसुद्धा थेट सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते, त्यामुळे चालकाचं वजन हाही कार्टच्या लवचीकपणाचाच भाग. प्रत्येक धक्का बरगड्यांवर येतो; छातीला कडक कवच बांधल्याशिवाय कोणी उतरत नाही. इंजिनीअरला पुढे जी भाषा लागते ती मुलगा इथे शिकतो. ज्याला कार्टमध्ये ती बोलता आली नाही त्याला फॉर्म्युला थ्रीमध्ये कोणी शिकवत बसत नाही.

भारतातल्या ट्रॅकवर ही सगळी परिस्थिती मिळत नाही. एका गटात मोजकी मुलं, तीच ती वळणं. युरोपात आंतरराष्ट्रीय कार्टिंगच्या शर्यतीला एकेका गटात ऐंशी-नव्वद नावं येतात, अंतिम फेरीत तीसहून जास्त कार्ट एकदम सुटतात आणि अर्ध्या सेकंदाच्या फरकात वीसेक मुलं मावतात. एका फेरीत दशांश सेकंद गमावला की चार-पाच क्रमांक गेले. त्यामुळे जेहानने मुंबई सोडून युरोपात धावणं हा हौसेचा भाग नव्हता, दुसरा मार्गच नव्हता. तिथे गेल्यावर त्याने जे केलं ते नीट लक्षात घ्यायला हवं. २०१२मध्ये आशिया-पॅसिफिक विजेतेपद, २०१३मध्ये ब्रिटनचं केएफ-थ्री विजेतेपद आणि त्याच वर्षी कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत तिसरा क्रमांक. उशिरा सुरुवात केलेल्या मुलाने दोन वर्षांत एवढं गाठावं याचं मला आजही अप्रूप वाटतं. आपल्याकडे त्याची बातमी मात्र आतल्या पानावर चार ओळींची आली की संपलं.

२०१५मध्ये तो फॉर्म्युला रेनो २.० गाडीत बसला. कार्टमधून सिंगल-सीटरमध्ये जाणं म्हणजे नुसती मोठी गाडी मिळणं नव्हे. कार्टला पंख नसतात. तिथे पकड म्हणजे टायर आणि वजन. सिंगल-सीटरचे पुढचे-मागचे पंख वेगाबरोबर गाडीला जमिनीवर दाबतात. परिणामी वेगवान वळणात भीती वाटून पाय उचलला तर दाब कमी होतो आणि गाडी खरोखरच घसरते. पाय दाबून ठेवला तर ती चिकटून राहते. शरीर ओरडून सांगत असतं, हळू घे. डोक्याने ते नाकारायचं. ब्रेकचंही तसंच. सरळ रस्त्याच्या शेवटी, वेग जास्त म्हणून दाब जास्त, तेव्हा पेडलवर पूर्ण ताकदीने पाय मारायचा. वेग उतरेल तसा दाब घटतो, म्हणून पाय हळूहळू सैल करत वळणात शिरायचं. जरा जास्त वेळ दाबलं की चाक लॉक होऊन टायरवर सपाट डाग पडतो, आणि तो डाग उरलेली सगळी शर्यत हादरे देत राहतो.

आणि मग आकडे. प्रत्येक सराव सत्रानंतर दोन सहकाऱ्यांच्या फेऱ्यांचे आलेख संगणकावर एकमेकांवर ठेवतात: ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर, वेग. एकाची रेघ निळी, दुसऱ्याची लाल. सहकाऱ्याने कुठे पाच मीटर उशिरा ब्रेक मारला ते तिथे उघडं पडतं. गाडी तीच, इंजिनीअर तेच, टायर तेच. तेव्हा सबब सांगायला जागा उरत नाही. या खेळात चालकाची पहिली मोजपट्टी म्हणजे त्याचा सहकारी, आणि जेहानच्या वाट्याला आलेले सहकारी पाहिले तर त्याची खरी परीक्षा कळते.

२०१७च्या जानेवारी-फेब्रुवारीत युरोप गोठलेला असताना तो न्यूझीलंडच्या टोयोटा रेसिंग सिरीजमध्ये धावला. तिथे ओळीने शनिवार-रविवारी शर्यती असतात, म्हणून युरोपातली तरुण मंडळी हिवाळ्यात तिकडे सरावाला जातात. मॅनफील्डला झालेली न्यूझीलंड ग्रां प्री जेहानने जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय. मग युरोपियन फॉर्म्युला थ्री, संघ कार्लिन. सहकारी कोण, तर लँडो नॉरिस. त्या मोसमात नॉरिस विजेता झाला. जेहानने न्यूरेंबर्गच्या नॉरिसरिंगवर एक शर्यत जिंकली आणि एकूण सहावा आला. पहिल्या वर्षाला हे उत्तमच. पण पुढचं वर्ष फिकं गेलं, दहावा क्रमांक. शिडीवर एखादं वर्ष असं वाया गेलं की ते भरून काढायला आणखी एक वर्ष लागतं, आणि त्या वर्षाचं बिल वेगळं.

२०१९मध्ये प्रेमाने त्याला घेतलं. कनिष्ठ गटातला सर्वांत बलाढ्य संघ. फॉर्म्युला थ्रीत सगळ्यांना एकच सांगाडा, ३.४ लिटरचं तेच व्ही-सिक्स इंजिन, तेच पिरेली टायर. तरीही संघासंघांत फरक पडतो, कारण त्याच गाडीतून शेवटचा दशांश काढणारे अनुभवी इंजिनीअर प्रेमाकडे होते. पहिले तिन्ही क्रमांक एकाच संघाला जावेत यातच सगळं आलं. जेहानने बार्सिलोना आणि पॉल रिकार्डला शर्यती जिंकल्या. त्सुनोडा युरोपात पहिल्याच वर्षी, येन्झरसारख्या छोट्या संघात होता आणि त्याने मोंझाला एक शर्यत जिंकली. गुणतक्त्यात तो नववा दिसतो. फॉर्म्युला वनमधल्या रेड बुलच्या लोकांना तो तसा दिसला नाही. लॉसन तर तेव्हा सतरा वर्षांचा होता. जेहान तिसरा होता पण विसाव्या वर्षी, सर्वोत्तम गाडीत. संघमालक तक्ता वाचतात तो असा, आणि माझ्या मते या वाचनात क्रूरता असली तरी चूक नाही.

त्याच वर्षी, ३१ ऑगस्टला, बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आंत्वान ह्यूबेर हा बावीस वर्षांचा फ्रेंच चालक अपघातात गेला. फॉर्म्युला थ्रीची मुलं त्याच आठवड्याला त्याच ट्रॅकवर होती. दुसऱ्या दिवशी त्यांची शर्यत झाली. या खेळाबद्दल लिहिताना आपण गुण आणि पैसे मोजतो, पण त्या पोरांना हेल्मेटची पट्टी आवळताना काय काय बाजूला ठेवावं लागतं, ते विसरून चालणार नाही.

२०२०च्या सुरुवातीला रेड बुलने जेहानला आपल्या कनिष्ठ चमूत घेतलं आणि फॉर्म्युला टूसाठी तो पुन्हा कार्लिनमध्ये गेला. सहकारी त्सुनोडा. म्हणजे एकाच गॅरेजमध्ये, एकाच कंपनीच्या छत्राखाली, दोघांची थेट तुलना. फॉर्म्युला टूची गाडी सुमारे ६२० अश्वशक्तीची, आणि तिला पॉवर स्टिअरिंग नाही. जलद वळणात स्टिअरिंग धरून ठेवायला खांदे आणि मनगटं अक्षरशः झिजतात. त्यात २०२० हे अठरा इंची चाकांचं पहिलं वर्ष, टायर सर्वांनाच नवे, आणि कोरोनामुळे मोसम कोंबून बसवलेला. शनिवार-रविवारच्या शर्यतींसाठी सराव मिळतो फक्त ४५ मिनिटांचा. मग अर्ध्या तासाची पात्रता फेरी. त्यात टायर ऐन तापलेला असतो तो एखादीच फेरी. समोर कोणी हळू गाडी आली, कुठे लाल झेंडा पडला, की ती फेरी हातची गेली आणि शर्यतीची सुरुवात मधल्या गर्दीतून.

त्सुनोडाने २०० गुण मिळवून तिसरा क्रमांक पटकावला आणि पुढच्याच वर्षी तो अल्फाटौरीच्या फॉर्म्युला वन गाडीत बसला. होंडाचं पाठबळ होतंच. जेहान बारावा आला. मात्र त्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी, ६ डिसेंबर २०२०ला, बहारीनच्या साखिर ट्रॅकवर त्याने स्प्रिंट, म्हणजे छोट्या पल्ल्याची शर्यत जिंकली. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. मोसमभर तोंडाशी आलेलं हुकत असताना शेवटच्या दिवशी जिंकायला जिगर लागते, आणि ती त्याच्याकडे होती.

इथे फॉर्म्युला वनच्या परवान्याचं गणित समजून घ्यावं लागेल. व्हर्स्टॅपन २०१३पर्यंत कार्टमध्ये होता, २०१४ला फॉर्म्युला थ्रीचा एकच मोसम धावला आणि २०१५ला सतराव्या वर्षी थेट फॉर्म्युला वनमध्ये आला. एफआयए या जागतिक नियामक संस्थेला ते फार घाईचं वाटलं. तेव्हापासून सुपर लायसन्ससाठी किमान वय अठरा आणि तीन मोसमांत मिळून ४० गुण अशी अट आली. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांना पूर्ण ४० गुण, चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १० आणि सातव्याला ८. उतार किती तीव्र आहे ते पाहा. फॉर्म्युला थ्रीच्या तिसऱ्या क्रमांकाचे जेहानला २० मिळाले. फॉर्म्युला टूमधल्या बाराव्याचे शून्य. २०२१ला तो सातवा आला, मोंझा आणि अबू धाबीला जिंकला. त्या क्रमांकाचे ८. २०२२ला प्रेमाकडून मोंझाची मुख्य शर्यत जिंकली, पुन्हा सातवा, पुन्हा ८. दोन मोसम पहिल्या दहात, तीन विजय, आणि हाती सोळा गुण. २०२१च्या सुरुवातीला त्याने कुश मैनीबरोबर मुंबई फाल्कन्स या संघाकडून आशियाई फॉर्म्युला थ्री खेळून तिसरा क्रमांक मिळवला, त्यामागे सरावाइतकंच हेही गणित होतं.

पैशाचा हिशेब तर याहून कडक. जाणकारांच्या अंदाजाने फॉर्म्युला टूच्या एका मोसमाला वीस ते तीस लाख युरो लागतात, म्हणजे वीस कोटी रुपयांच्या आसपास आणि वर. कार्टिंगपासूनची बेरीज कोणी करू नये. फ्रान्सच्या एस्तेबान ओकोनच्या आईवडिलांनी घर विकलं आणि ते मुलाला घेऊन कॅराव्हॅनमध्ये राहिले. अशा गोष्टी आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पण ज्यांनी घर विकलं आणि तरी मुलगा पोहोचला नाही, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. जेहानच्या घरची परिस्थिती चांगली होती, हे खरं. त्यावरून काही जण त्याचं श्रेय कापतात, ते मला पटत नाही. शिडीवरच्या जवळजवळ प्रत्येक मुलामागे कोणाचा ना कोणाचा पैसा असतो. पैसा दार उघडतो, वळणात ब्रेक तो मारत नाही.

आणि शेवटी जागा किती? २०२५पर्यंत दहा संघ, वीस गाड्या. २०२६पासून अकरा संघ. वर्षाला रिकाम्या होणाऱ्या जागा दोन-तीन. २०२२चा फॉर्म्युला टू विजेता फेलिपे ड्रुगोविच आणि २०२३चा तेओ पूर्शेर, दोघेही फॉर्म्युला वनच्या शर्यतीला मुकले, तर २०२२ला चौथा आलेला लोगन सार्जंट विल्यम्समध्ये गेला. जून २०२२मध्ये जेहानने सिल्व्हरस्टोनला मॅकलारेनची गाडी चालवून पाहिली. त्या वर्षाअखेर रेड बुलची साथ सुटली. २०२३ला एमपी मोटरस्पोर्टकडून फॉर्म्युला टूचा आणखी एक मोसम आणि २०२४ला मासेराटी संघाकडून विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई. हैदराबादला घरच्या प्रेक्षकांसमोर धावण्याची संधी तिथे होती, पण ती शर्यत जानेवारी २०२४मध्ये रद्द झाली. २०१९च्या त्या पहिल्या तिघांतल्या इतर दोघांनी अमेरिकेची वाट धरली: आर्मस्ट्राँग इंडीकारमध्ये गेला आणि श्वार्ट्झमनने २०२५च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पदार्पणातच पहिल्या स्थानावरून सुरुवात करण्याचा मान मिळवला. फॉर्म्युला वन हेच एक शिखर, असं मानणाऱ्यांनी एवढं जरी पाहिलं तरी पुरे.

जेहान फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला नाही. तरीही कनिष्ठ सिंगल-सीटरमध्ये त्याच्याइतकं सातत्याने आणि इतक्या कडव्या सोबतीत धावलेला दुसरा मुंबईकर नाही, आणि 'थोडक्यात हुकला' या दोन शब्दांत त्याची बोळवण करणं अन्यायाचं आहे. त्याच्या मागोमाग कुश मैनीने मे २०२५मध्ये मोनॅकोला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. देशात २०२३पासून एफआयएच्या मान्यतेची फॉर्म्युला फोर स्पर्धा सुरू झाली आहे. महाराष्ट्रात कोल्हापूरने मोहिते रेसिंगचा ट्रॅक आणि ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेलेला कृष्णराज महाडिक दिला. मोठे ट्रॅक मात्र मुख्यतः कोइम्बतूर, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई आणि ग्रेटर नोएडा इथे. मुंबई-पुण्याच्या मुलाला घराजवळ वर्षभर धावता येईल असा आंतरराष्ट्रीय दर्जाचा कार्ट ट्रॅक मिळाला, तर तेराव्याऐवजी आठव्या वर्षी सुरुवात होऊ शकेल. राज्यात एवढे गाड्यांचे कारखाने आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी हे मनावर घ्यावं.

वाचकांपैकी कोणी सुट्टीत मुलाला किंवा मुलीला भाड्याच्या कार्टवर बसवणार असेल, तर शेवटी मिळणारा वेळांचा कागद फेकू नका. सर्वांत वेगवान फेरीला फार महत्त्व देऊ नका, ती कोणालाही एकदा साधते. फेऱ्याफेऱ्यांमधला फरक बघा. सलग आठ-दहा फेऱ्या दोन-तीन दशांशांच्या आत बसत असतील आणि खाली उतरल्यावर गाडी कुठे सुटत होती हे पोर आपण होऊन सांगत असेल, तर त्याला जवळच्या प्रशिक्षकाकडे जरूर न्या.